न वाळणारं फडकं आणि एका जिवाणूची गोष्ट

आजचा भाग हेडफोन लावून ऐकलात तरी चालेल, पण घरात स्पीकरवर लावलात तर मला जास्त आवडेल. विषय आहे पाळी. त्यातही पाळीत जे वापरलं जातं ते, म्हणजे फडकं, पॅड, टॅम्पॉन, कप, आणि त्यातून होऊ शकणारा जिवाणूंचा संसर्ग. मुलगे मंडळी, लगेच स्किप करू नका. या गोष्टीतल्या पहिल्या सात पेशंटमध्ये मुलगेही होते. ते कसे, ते पुढे येईलच.

आधी गावाबद्दल थोडं, कारण या भागाचा प्रश्न मला तिथेच पडला. मी कोयनानगरची. कोयनानगर म्हटलं की पुण्यातले लोक लगेच विचारतात, "भूकंपवालं?" हो, तेच, ११ डिसेंबर १९६७ वालं. त्यावर कधीतरी वेगळा भाग करू. आज मला पावसाबद्दल बोलायचंय. जुलै उजाडला की सातारा-सांगलीच्या बातम्यांत रोज तीच तीन नावं असतात: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. चोवीस तासांत किती मिलिमीटर पडला, धरण किती टीएमसी झालं, किती क्युसेक सोडलं. सांगलीतले लोक हे आकडे मॅचच्या स्कोअरसारखे बघतात, कारण आमच्याकडचं पाणी पुढे त्यांच्या दारात जातं. वर्षाला साधारण ५,००० मिलिमीटर पाऊस. मी आता जिथे कोड लिहून पोट भरते त्या पुण्यात याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढा पडतो, आणि तेवढ्यातही ऑफिसच्या ग्रुपवर "वर्क फ्रॉम होम द्या" सुरू होतं.

तर जून ते सप्टेंबर आमच्याकडे ऊन नावाची गोष्ट जवळजवळ नसते. जीन्स धुतली तर चौथ्या दिवशीही तिला कुबट वास येतो. मग पूर्वी, दुकानात पॅड मिळत नव्हतं किंवा मिळालं तरी परवडत नव्हतं, तेव्हा पाळीचं फडकं कुठे वाळायचं? हा प्रश्न मी आजीला विचारला. ती हसली आणि म्हणाली, "पावसाळ्यात ऊन काय दुकानात मिळतंय व्हय?" नंतर तिने सांगितलं. जुन्या लुगड्याच्या घड्या. धुवायच्या रात्री नाहीतर पहाटे, कुणी नसताना. वाळत घालायच्या आतल्या खोलीत, दोरीवर, वरून परकर टाकून. कुणाला दिसता कामा नये. आणि पुढची घडी लागेपर्यंत ही वाळली नसेल तर? "तशीच घ्यायची. अजून काय करणार?"

मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. पण ही घडी डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसले. वाचता वाचता एकदम अमेरिकेत जाऊन पोहोचले, कारण पाळीच्या वस्तू आणि जिवाणू या विषयाचा सगळ्यात गाजलेला किस्सा तिथला आहे. आधी तो ऐका. मग आपण परत घाटाखाली उतरू.

साल १९७८. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात जेम्स टॉड नावाचे लहान मुलांचे डॉक्टर. त्यांच्याकडे सात पेशंट आले, ८ ते १७ वर्षांचे, मुली आणि मुलगेही. सगळ्यांना एकदम चढलेला ताप, उन्हाने भाजल्यासारखी लाल झालेली त्वचा, उलट्या-जुलाब, आणि ब्लड प्रेशर धडाधड खाली. टॉड यांनी या आजाराला नाव दिलं टॉक्सिक शॉक सिंड्रोम. त्याच्या मागे सापडला स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जिवाणू. हा काही परका पाहुणा नाही. साधारण तीनातल्या एका माणसाच्या नाकात तो आरामात राहतो आणि काही करत नाही. पण त्याच्या काही जाती एक विष बनवतात, आणि सगळा घोटाळा त्या विषाचा आहे.

आपली प्रतिकारशक्ती कशी चालते? एखादा जंतू आला की त्याच्यासाठी नेमक्या असलेल्या थोड्याशाच पेशी जाग्या होतात, दहा हजारांत एखादी. बाकीच्या झोपलेल्या असतात. हे विष मात्र कुलूप-किल्ली बघतच नाही. ते थेट सायरनची मेन वायर जोडून टाकतं आणि पाचातली एक पेशी एकाच वेळी उठते. मग शरीरात जो गोंधळ होतो त्यात जिवाणूपेक्षा आपलीच फौज जास्त नुकसान करते. बहुतेकांच्या अंगात मोठं होईपर्यंत या विषाविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असतात. ज्यांच्यात नसतात त्या बहुतेक तरुण मुली, टीनएजर. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

१९८० च्या सुरुवातीला विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांच्या आरोग्य खात्यांना दिसायला लागलं की असेच पेशंट येतायत, पण आता जवळजवळ सगळ्या तरुण बायका आहेत आणि पाळी चालू असतानाच आजारी पडतायत. डॉक्टरांनी हे वर कळवलं. २३ मे १९८० रोजी अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे रोगांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ५५ केसेसची माहिती छापली. महिन्याभरात टॅम्पॉनशी संबंध लागला. सप्टेंबरमध्ये दुसरी पाहणी आली. त्यात आजारी पडलेल्यांपैकी ७१ टक्के बायका एकाच ब्रँडचा टॅम्पॉन वापरत होत्या, आणि ज्या आजारी पडल्या नाहीत त्यांच्यात तो ब्रँड वापरणाऱ्या २६ टक्के होत्या.

ब्रँडचं नाव 'रिलाय'. म्हणजे भरवसा ठेव. कंपनी प्रॉक्टर अँड गॅम्बल. हा टॅम्पॉन नेहमीसारखा कापसाचा नव्हता. पॉलिस्टरच्या पिशवीत फोमचे तुकडे आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. हा पदार्थ आइस्क्रीम दाट करायलाही वापरतात. पाणी लागलं की तो फुगतो आणि जेलीसारखा होतो. म्हणून रिलाय भरपूर शोषायचा, फुगून कपासारखा व्हायचा, आणि तासन्‌तास बदलावा लागायचा नाही. जाहिरातीत म्हटलं होतं की तो काळजीसुद्धा शोषून घेतो. आमच्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशनमध्ये फुल पास. गळत नाही, पुरतो, बाई खूश. टेस्ट केसमध्ये जिवाणू कुणी लिहिलाच नव्हता.

नेमकं काय बिघडलं? योनीच्या आत एरवी ऑक्सिजन अगदी कमी असतो आणि वातावरण थोडं आम्ल असतं. अशा जागी हा जिवाणू विष फारसं बनवत नाही. पाळीच्या रक्ताने आम्लता कमी होते आणि टॅम्पॉनबरोबर हवा आत जाते. टॅम्पॉन जितका जास्त शोषणारा, तितकी जास्त हवा, आणि तितका जास्त वेळ तो आत. जिवाणूला ऑक्सिजन, ऊब, खाणं आणि निवांत वेळ असं सगळं एकत्र मिळालं.

आयोवा राज्यातल्या पॅट्रिशिया केम, वय २५, दोन लहान मुलांची आई, ६ सप्टेंबर १९८० ला गेली. ती रिलाय वापरत होती. कंपनीने रिलाय बाजारातून काढला २२ सप्टेंबरला, म्हणजे सोळा दिवसांनी. तिच्या नवऱ्याने खटला भरला आणि १९८२ मध्ये ज्युरीने कंपनीला तीन लाख डॉलर द्यायला लावले. एकट्या १९८० मध्ये अमेरिकेत पाळीशी संबंधित ८१३ केसेस आणि ३८ मृत्यू नोंदले गेले. पुढे तिथल्या सरकारने नियम केला की प्रत्येक टॅम्पॉनच्या खोक्यावर तो किती शोषतो हे एकाच मापाने लिहायचं. रेग्युलर म्हणजे ६ ते ९ ग्रॅम, सुपर म्हणजे ९ ते १२, असं. हे व्हायला १९९० उजाडलं. त्याआधी एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या सुपरपेक्षा जास्त शोषू शकत होता, आणि बाईला ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

पहिल्या सातांतले मुलगे? हा जिवाणू जखमेतून, भाजलेल्या त्वचेतून, घोळणा फुटल्यावर नाकात भरलेल्या पट्टीतूनही हेच करू शकतो. टॅम्पॉन हे फक्त एक दार आहे.

मला या किश्श्यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं, सांगू? टॉड यांनी सात मुलांचं लिहून ठेवलं. राज्यांच्या खात्यांनी केसेस मोजल्या. सीडीसीने बायकांना फोन करून कोणता ब्रँड वापरता ते विचारलं. बग रिपोर्ट झाला, म्हणून फिक्स झाला.

आता आपल्याकडे येऊ. त्याच १९८० मध्ये इथे काय चाललं होतं?

टॅम्पॉन तर कुणाला माहीतच नव्हता. तो आजही कमीच वापरला जातो. पॅड होतं, शहरातल्या मेडिकलमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळून मिळणारं. त्यासाठी सरकारी मानकही होतं, आयएस ५४०५, पहिलं १९६९ चं आणि सुधारलेलं नेमकं १९८० चं. त्यातली चाचणी वाचून मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले. पॅडवर ३० मिलिलिटर रंगीत पाणी किंवा बकरीचं नाहीतर मेंढीचं रक्त ठरावीक वेगाने सोडायचं, आणि ते खालून किंवा बाजूने दिसता कामा नये. सगळा भर शोषण्यावर. जिवाणू आणि बुरशी मोजायची अट ठळकपणे आली ती २०१९ च्या आवृत्तीत. आणि पाकिटावर 'सॅनिटरी' लिहिलंय म्हणून पॅड ऑपरेशनच्या कापसासारखं निर्जंतुक असतं असं समजू नका. तो शब्द स्वच्छतेचा आहे, एवढंच.

पण मानक वगैरे सगळं पॅडचं. बहुतेक बायका वापरत होत्या फडकं. ते कुठल्याच मानकात बसत नव्हतं, कारण त्याची कंपनी म्हणजे आपलीच आजी. त्या फडक्याने कुणाला काय झालं, याची नोंद ठेवायची तर आधी विचारायला हवं. आणि पाळी म्हणजे "कावळा शिवला", "बाहेरची झाली", "अडचण आहे". ज्या गोष्टीला सरळ नावसुद्धा नाही तिचा केसपेपर कोण काढणार?

एका डॉक्टरीणबाईंनी काढला. गडचिरोलीत, डॉ. राणी बंग यांनी.

राणी आणि अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केलं. त्या काळी खेड्यातल्या बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, संपला विषय. राणीताईंनी दोन गावं घेतली आणि तिथल्या ६५० बायकांना तपासलं. गरोदर असो नसो, तक्रार असो नसो, सगळ्यांना. जानेवारी १९८९ मध्ये ते संशोधन 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आलं. त्यातले आकडे सावकाश ऐका. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा कुठला ना कुठला त्रास होता. एकेकीला सरासरी ३.६ आजार. त्यातले निम्मे संसर्गाचे. आधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका किती? ८ टक्के. आणि जिने मला थांबवलं ती ओळ ही, की ४५ टक्के बायकांनी आपल्याला काही होतंय असं सांगितलंच नव्हतं.

इथे घाई करू नका. हे सगळं फडक्यामुळे झालं असं त्या अभ्यासाने म्हटलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. नवऱ्याकडून येणारे आजार, असुरक्षित बाळंतपण, रक्तक्षय, अशी बरीच कारणं आहेत. पण "अंगावरून पांढरं जातं" हे वाक्य आपल्या गावांत बायका एकमेकींना थकल्यासारखं सांगायच्या, "पाऊस पडतो" म्हणावं तसं. त्याची तपासणी करता येते, उपचार करता येतो, ते बाईच्या नशिबाचा भाग नाही, हे मोजून दाखवलं गेलं ते आपल्या महाराष्ट्रात. शाळेच्या पुस्तकात मला हे कधी भेटलं नाही. डेन्व्हरच्या आधी मला गडचिरोली माहीत असायला हवी होती, असं वाचताना सारखं वाटत होतं.

फडक्याचा थेट हिशोब नंतर ओडिशात झाला. २०१५ मध्ये छापलेल्या अभ्यासात भुवनेश्वर आणि राउरकेलाच्या दवाखान्यांत आलेल्या ४८६ बायकांना तपासलं. धुऊन परत वापरायचं कापड घेणाऱ्यांमध्ये योनीचा किंवा लघवीचा संसर्ग जास्त सापडला. २०१८ मध्ये त्याच राज्यातला दुसरा अभ्यास आला आणि तो वाचताना मला आमच्या घरची आतली खोलीच दिसली. ज्या बायका कापड घराच्या आत वाळवत होत्या, किंवा संडास-बाथरूममध्ये लपवून ठेवत होत्या, त्यांच्यात कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग जास्त. म्हणजे प्रश्न कापडाच्या सुतात नाही. कापड दिसू नये म्हणून जिथे ठेवावं लागतं, त्या जागेत आहे. परकराखाली.

स्वच्छ धुतलेलं, कडक उन्हात वाळलेलं सुती कापड ही चांगली वस्तू आहे. आमच्याकडे ऊन नाही, पण दापोलीत, साताऱ्यात, माणदेशात आठ महिने ऊन फुकट आहे. तिथेही फडकं अंधारातच वाळतं.

आता आमच्या कोयनेच्या पाण्यामागे थोडं खाली जाऊ. धरणाचं बरंचसं पाणी वीज करून पश्चिमेला चिपळूणकडे जातं. उरलेलं नदीतून कराडला येतं आणि प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं. त्या पाण्यावर कराड, वाळवा, पलूस भागात ऊस उभा असतो. तो तोडायला दर हिवाळ्यात बीड आणि मराठवाड्यातून माणसं येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आधीच घेतलेली 'उचल' फेडायची असते, म्हणून एक दिवस काम चुकलं की 'खाडा', आणि त्याचे पैसे कापले जातात. राहायचं शेताच्या कडेला कोपीत. पहाटे तीन-चारला उठून फडात. संडास नाही, न्हाणी नाही, आडोसा नाही. ज्या उसाला नदी उपसून पाणी देतात, त्याच्या शेजारी पाळीचं कापड धुवायला बादलीभर पाणी नाही. एक कापड सकाळपासून रात्रीपर्यंत, घामात, उसाच्या पाचटात.

मग पांढरं जातं, पोट दुखतं, कंबर धरते. खाडा परवडत नाही. गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात सांगतात, "पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका." २०१९ मध्ये हे प्रकरण देशभर गाजलं. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहातली एक. साधा संसर्ग असेल तर काही रुपयांच्या गोळ्यांचा कोर्स. त्याऐवजी कर्ज काढून ऑपरेशन, कितीतरी जणी तिशीच्या आसपासच्या. बीजकोशही काढले असतील तर त्यानंतर हार्मोन संपतात, हाडं दुखतात, तरी ऑक्टोबर आला की परत कोयता. लहान वयातली लग्नं, डॉक्टरांचा धंदा, मुकादमाची उचल, सगळ्यांचा हात आहे यात. पण सुरुवात कितीदा तरी त्या न बदललेल्या कापडापासून होते.

ही गोष्ट मी बीडवर ढकलत नाहीये. ऊस आमच्या जिल्ह्यांतला आहे. साखर तुमच्या-माझ्या चहातली.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. ८ मार्च २०१८ ला महाराष्ट्रात अस्मिता योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, गावातल्या बायकांना २४ रुपयांत, बचत गटांमार्फत. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला. जनऔषधी दुकानात २०१९ पासून एक रुपयाला एक पॅड मिळतं. चांगलंच झालं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते २४ वयाच्या ६४ टक्के मुली पॅड वापरतात असं दिसलं, आणि निम्म्या मुली कापडही वापरतात. बऱ्याच जणी दोन्ही. घरी कापड, कॉलेजला पॅड. मात्र पॅड मिळालं की सगळं सुटलं असं मानायला मी तयार नाही. पाकिटात आठ आहेत आणि ती दोन महिने पुरवायची आहेत, म्हणून एकच पॅड दहा तास ठेवलं, तर स्वस्त पॅडनेही तीच ओल, तोच वेळ. रिलायमध्येही विकली गेली होती ती "बदलावं लागत नाही" हीच गोष्ट.

आणि वापरलेलं पॅड जातं कुठे? पुण्यात ते कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हातात जातं. दुसऱ्याच्या रक्तातले जंतू त्यांच्या नखांत. 'स्वच्छ' या त्यांच्या संस्थेने सांगितलेली युक्ती सोपी आहे: कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे त्यांना उघडावं लागत नाही. एक पेन लागतं फक्त. करा.

आता तुमच्यातल्या ज्या टॅम्पॉन आणि कपकडे वळल्यात त्यांच्यासाठी. मागच्या महिन्यात निम्मे मेसेज त्याचेच होते. घाबरवायचं नाहीये. टॉक्सिक शॉक आज फार दुर्मिळ आहे, लाखात एखादी. २०१९ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये कपवरच्या ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला, सुमारे ३,३०० जणींचा. कप सुरक्षित ठरला. शोधून शोधून टॉक्सिक शॉकच्या पाच केसेस मिळाल्या. पण कप सिलिकॉनचा आहे म्हणून जिवाणू येतच नाही, हे इन्स्टावरचं वाक्य खोटं आहे. फ्रान्समधल्या लिऑनच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये दाखवलं की कपमध्येही हवा जाते आणि हा जिवाणू त्यावर चिकटून राहतो. नुसतं विसळून तो जात नाही. त्यांचा सल्ला, एक जास्तीचा कप ठेवा आणि दोन वापरांच्या मध्ये उकळून घ्या. पीजीच्या कॉमन किटलीत उकळू नका प्लीज, छोटं पातेलं घ्या. पुण्यात शंभर-दीडशेला मिळतं.

टॅम्पॉन घेताना आपल्याला पुरेल असा सगळ्यात कमी शोषणाचा घ्या. चार ते आठ तासांत बदला. रात्रभर झोपायचं असेल तर पॅड बरं. लावताना आणि काढताना, दोन्ही वेळा हात धुवा, कारण तो जिवाणू बहुतेकदा आपल्याच नाकातून आपल्याच बोटांवर येतो.

आणि फडकं किंवा कापडी पॅड वापरणाऱ्यांनी, आमच्या कोयनेतल्या मैत्रिणींनी खास: गार पाण्याने रक्त काढा, मग साबणाने धुवा, वाऱ्यावर टाका. ऊन नसेल तर शेवटी गरम इस्त्री दोन्ही बाजूंनी, पूर्ण कोरडं होईपर्यंत. दमट घडी घेऊ नका. वाळायला वेळ लागतो हे धरून पावसाळ्यात घड्या दुप्पट ठेवा. आईने नाक मुरडलं तर हा भाग लावा तिला.

शेवटची गोष्ट. टॅम्पॉन किंवा कप आत असताना अचानक थंडी वाजून ताप आला, १०२ च्या वर, अंगावर लाली, उलट्या-जुलाब, उभं राहिल्यावर चक्कर, तर आधी ते बाहेर काढा आणि लगेच दवाखान्यात जा. रिक्षात बसतानाच हे वाक्य पाठ करा: "डॉक्टर, माझी पाळी चालू आहे आणि मी टॅम्पॉन वापरत होते." कॅज्युअल्टीत चार माणसं असली तरी मोठ्याने सांगा, कारण ताप, पुरळ आणि पडलेलं बीपी बघितलं की आपल्याकडे ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या डोक्यात आधी डेंगीच येतो.